झाकण कुठे गेलं?

लोणारची कथा बुलढाणा जिल्ह्यात सगळ्यांना तोंडपाठ असते. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली घर करून राहत होता आणि घरावर त्याने झाकण घातलं होतं. विष्णूने पायाच्या अंगठ्याने ते झाकण उडवलं आणि आत दडलेल्या दैत्याला मारलं. त्याच्या रक्ताचं पाणी झालं, मांसाचे क्षार झाले. झाकण लांब जाऊन पडलं, त्याची टेकडी झाली. गावातल्या दैत्यसूदन मंदिरात विष्णू त्या दैत्याला पायाखाली घेऊन उभा आहे.

ही कथा रचणाऱ्याने एक गोष्ट अचूक हेरली होती. जमिनीत एवढा खड्डा पडला, तर त्यातला माल कुठेतरी असलाच पाहिजे. म्हणून तर त्याने झाकणाची सोय लावली. पुढे शंभर वर्षं भूशास्त्रज्ञ दुर्बिणी, होकायंत्रं आणि मोजपट्ट्या घेऊन ज्या प्रश्नाशी झटत राहिले, तो याहून फारसा वेगळा नव्हता.

खड्डा लहानसहान नाही. काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या घरात. आजूबाजूचा प्रदेश ताटासारखा सपाट, त्यात ही वाटी, आणि वाटीचा काठ भोवतालच्या शेतांपेक्षा वीस-तीस मीटर उंच. तळाशी हिरवट, उग्र वासाचं, सोडा मिसळल्यासारखं पाणी. काठाच्या एका अंगाने मात्र धारेचं गोडं पाणी बारमाही वाहतं.

शतकानुशतकं लोकांना रस होता तो खड्ड्यात नव्हे, त्यातल्या क्षारात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याची माहिती देताना लोणारची नोंद केली. ब्राह्मण या जागेला विष्णुगया म्हणतात, इथे काच आणि साबण बनवायला लागणारे पदार्थ मिळतात, सोऱ्याचं उत्पन्न चांगलं येतं, असा तिचा आशय. बादशाही कारभाऱ्याची नजर महसुलावर असणार, हे ओघानेच आलं. उन्हाळ्यात पाणी हटलं की लोक काठाचा चिखल खरवडून क्षार काढत. त्याच्या प्रतवारीला डल्ला, पापडी, भुस्की अशी खास नावं होती. कुठला क्षार साबणाला, कुठला रंगाऱ्याला, कुठला बांगड्यांच्या काचेला आणि कुठला पापडाला, हे इथल्या माणसाला चवीवरून आणि हाताच्या स्पर्शावरून कळे. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेचं आगळेपण नोंदवलं, तेव्हापासून इंग्रजी कागदपत्रांत लोणार येऊ लागलं. खड्डा कसा पडला, हा प्रश्न तिथून पुढचा.

त्याचं पहिलं भारदस्त उत्तर दिलं विल्यम ब्लॅनफर्डने. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला हा माणूस दख्खनचा काळा पाषाण पायाखाली घालून हिंडलेला होता. १८७९ मध्ये सहकारी मेडलिकॉटबरोबर त्याने भारताच्या भूशास्त्राचा जो ग्रंथ लिहिला, त्यात लोणारचा विचार आहे आणि तो नीट वाचण्यासारखा आहे. पाण्याने असा खड्डा खोदता येत नाही. ओढा-नदी वाट काढते, गोल वाटी करत नाही. जमीन नुसती खचली म्हणावं, तर काठ उंचावलेला आणि त्यावर सुट्या दगडांची रास, ती खचण्यातून कशी येणार? उरला स्फोट. आणि स्फोट म्हटला की त्या काळच्या भूशास्त्रज्ञाच्या मनात ज्वालामुखीच येणार. ओळीने एकेक शक्यता खोडत जाण्याची ही रीत निर्दोष होती. फक्त यादीत एक शक्यता लिहायची राहिली होती.

या उत्तरात एक कुसळ होतंच. महाराष्ट्राच्या पठाराला आकार देणारे लाव्हाचे लोंढे थंडावले, त्याला आज आपण साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास मानतो. लोणारचा काठ मात्र काल घडवल्यासारखा कोरा दिसतो. तेवढ्या काळात पावसाने तो केव्हाच धुऊन नेला असता. म्हणजे साऱ्या दख्खनमधले ज्वालामुखी विझल्यावर कोट्यवधी वर्षांनी, आगापिछा नसलेला एकच ज्वालामुखी लोणारला एकदाच उसळला, लाव्हाचा थेंबही न सांडता गप्प झाला, असं मानावं लागत होतं. जुन्या निरीक्षकांना हे खटकत होतं. पण दुसरं काही सुचत नव्हतं.

सुचलं असतं ते ग्रोव्ह कार्ल गिल्बर्टला, आणि इथे ही गोष्ट चांगलीच रंगते. अमेरिकेतला हा त्या पिढीचा बहुधा सर्वांत चिकित्सक भूशास्त्रज्ञ. ॲरिझोनाच्या वाळवंटात तेव्हा कून ब्यूट नावाने ओळखली जाणारी, लोणारपेक्षा थोडी लहान वाटी आहे आणि तिच्या भोवती अशनीच्या लोखंडाचे तुकडे विखुरलेले आहेत, हे कळल्यावर १८९१ मध्ये तो तिथे गेला. त्याने दोन कसोट्या आधीच ठरवल्या. लोखंडाचा प्रचंड गोळा वरून येऊन जमिनीत रुतला असेल, तर होकायंत्राची सुई हलेल. आणि खड्ड्यातून निघालेला माल परत खड्ड्यात भरला, तर तो ओसंडेल, कारण गोळ्याने आत जागा अडवलेली असणार. गिल्बर्टने काठ मोजला, खड्डा मोजला. माल आणि पोकळी बरोबरीची निघाली. सुईही हलली नाही. त्याने अशनीचा विचार सोडून दिला आणि जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाला कौल दिला. लोखंडाचे तुकडे? ते योगायोगाने त्याच जागी पडले असावेत.

१८९६ मध्ये तर्क कसे जन्मतात आणि कसे पारखावेत, यावर त्याने जो लेख लिहिला, त्यात ही सगळी हकिगत आली. आपल्या वाटीशी तुलना करायला त्याने लोणारही घेतलं आणि दोघांनाही ज्वालामुखीच्या खात्यात टाकलं. गंमत अशी की याच गिल्बर्टने तीन वर्षांपूर्वी, चंद्रावरची विवरं बाहेरून येऊन आदळलेल्या पिंडांची आहेत, असं ठामपणे मांडलं होतं. चंद्राबाबत त्याचा अंदाज बरोबर होता, पायाखालच्या जमिनीबाबत चुकला. त्याची मोजणी मात्र कुठेही चुकली नव्हती. त्याच्या हिशेबात आदळणारा दगड आदळल्यावर शिल्लक उरत होता, इतकंच. सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने येणारा दगड जमिनीत रुतत नाही. त्याचा वेग क्षणात उष्णता आणि दाबात पालटतो, तो स्वतः वितळून आणि वाफ होऊन जातो, आणि खड्डा त्याच्या कितीतरी पट मोठा होतो. हे कळायला आणखी अर्धं शतक जायचं होतं. कून ब्यूटच्या तळाशी लोखंड शोधण्यासाठी डॅनियल बॅरिंजर या खाणमालकाने १९०३ पासून आयुष्यभराचे पैसे ओतले. लोखंड मिळालं नाही. ते तिथे नव्हतंच.

लोणारला मधल्या काळात एक चांगली पाहणी झाली. ला टूश आणि क्रिस्टी या सर्वेक्षणातल्या दोघांनी केलेला अभ्यास १९१२ मध्ये छापून आला. त्यातला क्षारांचा भाग आजही उपयोगी पडतो: भोवतालचा पाषाण झिजून सोडा पाण्यात उतरतो, पाण्याला बाहेर जायला वाट नाही, ऊन पाणी नेतं आणि क्षार मागे ठेवतं. खड्ड्याचा जन्म मात्र त्यांनीही भूगर्भातच शोधला.

मग १९६० उजाडलं. युजीन शूमेकर आणि त्याच्या सहकाऱ्यांना ॲरिझोनाच्या विवरात कोएसाइट सापडलं. क्वार्ट्झचं हे रूप प्रचंड दाबाखालीच तयार होतं. ते आधी प्रयोगशाळेत बनलं होतं, निसर्गात मिळालं ते इथे पहिल्यांदा. बॅरिंजर ज्यासाठी कंगाल झाला, त्याचा निकाल एका खनिजाने लावला. त्याच वर्षी कॅनडाचे खगोलशास्त्रज्ञ सी. एस. बील्स आणि त्यांचे सहकारी जगभरातल्या जुन्या विवरांचा शोध घेताना लोणारकडे बोट दाखवून गेले. १९६४ मध्ये लाफाँड आणि रॉबर्ट डिएट्झ यांनी लोणारवर लेख लिहिला. लोणार हे अशनीविवर आहे का, असं त्यांनी विचारलं, आणि लेखाच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह ठेवलं.

प्रश्नचिन्ह काढणं सोपं नव्हतं, कारण आपल्या दगडाची जातच वेगळी. कोएसाइट व्हायला क्वार्ट्झ लागतं आणि बसाल्टात, म्हणजे दख्खनच्या काळ्या पाषाणात, ते जवळजवळ नसतं. ॲरिझोनाचा वाळूचा खडक जी साक्ष देऊ शकला, ती सह्याद्रीच्या जातीचा काळा पाषाण देऊ शकत नव्हता. दुसरा साक्षीदार शोधणं भाग होतं. तो सापडला बिहारमधून.

२५ ऑगस्ट १८६५ रोजी गया जिल्ह्यातल्या शेरघाटीला आकाशातून दगड पडला. व्हिएन्नाच्या गुस्टाव चेरमाकने तो तपासला आणि १८७२ मध्ये त्यातल्या एका विचित्र पदार्थाला ब्रिटिश म्युझियममधल्या मॅस्केलिन यांच्या नावावरून मॅस्केलिनाइट हे नाव दिलं. बाहेरून पाहावं तर तो प्लॅजिओक्लेज या खनिजाचा स्फटिक. कडा शाबूत, कोन जागच्या जागी. आतून मात्र काच. वाड्याच्या चारही भिंती उभ्या असाव्यात आणि आतल्या एकाही खोलीचा पत्ता नसावा, तसा. वितळून काच झाली असती, तर भिंतीही वाहून गेल्या असत्या. मग हे झालं कसं? नव्वद वर्षांनी, १९६३ मध्ये, डॅनियल मिल्टन आणि पॉल डीकार्ली यांनी दगडावर स्फोटाचा लाखो वातावरणांच्या दाबाचा धक्का दिला आणि प्रयोगशाळेत मॅस्केलिनाइट बनवून दाखवलं. उत्तर मिळालं: धक्क्याने. ज्वालामुखी दगड वितळवू शकतो, पण असा धक्का देणं त्याच्या आवाक्यातलं नाही. आणि प्लॅजिओक्लेज तर बसाल्टात पोत्याने भरलेलं असतं.

लोणारला त्या खुणेसाठी खणायचं ठरलं, त्याला चंद्रही कारण होता. १९६९ पासून अपोलोची यानं जे दगड आणत होती, त्यांतला मोठा भाग बसाल्ट होता. चंद्रावरचे काळे डाग म्हणजे लाव्हाची मैदानं, त्यांवर अशनींनी पाडलेले खड्डे. पृथ्वीवर नेमकी अशीच, बसाल्टावर पडलेली वाटी कुणाला ठाऊक असेल, तर ती लोणारची होती. इतके दिवस बुलढाण्याच्या या खड्ड्यात कुणाला घाई नव्हती. आता घाई झाली.

१९७२ मध्ये सागर विद्यापीठातले व्ही. के. नायक यांनी लोणारच्या काचेसारख्या तुकड्यांकडे लक्ष वेधलं. त्याच सुमारास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मिळून विवराच्या तळात बोअर घेतले आणि काठावर चर खणले. चमूत स्मिथसोनियनचे कर्ट फ्रेड्रिक्सन होते, सर्वेक्षणाचे ए. दुबे आणि एम. एस. बालसुंदरम होते, आणि चौथे होते तेच डॅनियल मिल्टन. दहा वर्षांपूर्वी ज्याने हा पदार्थ स्वतः घडवला, तो आता निसर्गाने घडवलेला शोधत होता.

बोअर आधी शंभरेक मीटर गाळातून गेला. त्याखाली लागला चुरडलेला, फुटलेला, पुन्हा घट्ट बसलेला दगड. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात मॅस्केलिनाइट होतं. तळात शंकूच्या आकाराच्या, रेघारेघांच्या भेगा पडलेले दगडही मिळाले, त्याही धक्क्याच्याच खुणा. काठावरच्या चरांतून वितळलेल्या दगडाचे गोळे निघाले आणि डोळ्यांत तेल घालून पाहावेत असे बारीक काचेचे मणी निघाले, चंद्राच्या मातीत मिळालेल्या मण्यांचे जणू चुलतभाऊ. १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात चौघांचा निबंध आला. त्यात प्रश्नचिन्ह नव्हतं. काच बनवायचे पदार्थ लोणारला मिळतात, हे अबुल फझल लिहून गेला होता. ही काच मात्र भट्टीविना, निमिषात झाली होती.

आणि झाकण? तेही सापडलं, एका जागी नव्हे. काठाजवळ बसाल्टाचे थर बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात, काही ठिकाणी तर पुस्तकाचं पान उलटावं तसे पालथे पडलेले. तिथून पुढे चारही बाजूंना किलोमीटर-दीड किलोमीटरपर्यंत उडालेल्या दगडमातीची गोधडी पसरली आहे. लोणार गावाचा बराचसा भाग तिच्यावरच वसला आहे. झाकण शोधायला लांबच्या टेकडीवर जायची गरज नव्हती. ते अंगणात होतं. ज्याने ते उडवलं, त्या दगडाचा ढेकूळभरही तुकडा मात्र हाती लागलेला नाही. बारीक मण्यांमधलं जादा निकेल हाच काय तो त्याचा मागमूस.

त्यानंतर लोणारचे दगड फिरायला निघाले. १९७७ मध्ये ह्यूस्टनला लोणारचा बसाल्ट आणि अपोलो १७ ने चंद्रावरून आणलेला बसाल्ट, दोघांवरही बंदुकीने मारा करून कोण किती दाबाला कसा मोडतो, हे ताडून पाहिलं गेलं. मग मंगळाची पाळी आली. मंगळाचा पृष्ठभागही बहुतांशी बसाल्टाचा, त्यावरही विवरं, आणि काही विवरांत कधीकाळी पाणी. जस्टिन हॅगर्टी आणि हॉर्टन न्यूसम यांनी १९७२ च्या बोअरमधले दगड पुन्हा काढून तपासले आणि २००३ मध्ये लिहिलं की आघातानंतर तापलेल्या दगडांतून गरम पाणी फिरलं, त्यातून चिकणमातीची खनिजं तयार झाली. त्यांतल्या एकाचं नाव सॅपोनाइट. नावातच साबण आहे. आदळण्याची उष्णता आणि पाणी एकत्र आलं, तर मृत ग्रहावरही काही काळ ऊबदार, ओलसर कोपरा तयार होऊ शकतो. मंगळावर जीवाच्या खुणा शोधणाऱ्यांना विवरं का आवडतात, याचं एक कारण हे. शेरघाटीचा दगडही पुढे मंगळावरचाच ठरला. मॅस्केलिनाइट पहिल्यांदा मिळालं ते मंगळाच्या तुकड्यात, आणि त्याच्या मदतीने उलगडलेलं लोणार आज मंगळ समजून घ्यायला वापरतात. असली वर्तुळं गोष्टीत घातली, तर वाचक म्हणेल, जुळवून आणलंय.

विवर किती जुनं, हा वाद अजून मिटलेला नाही. एका पद्धतीने वय पन्नास हजार वर्षांच्या आसपास येतं, दुसरीने पाच लाख सत्तर हजारांच्या. तो ज्यांचा त्यांनी सोडवावा. दोन्हींत एवढं समान आहे की महाराष्ट्राचं पठार तेव्हा आजच्यासारखंच होतं.

दगडवाल्यांनी जो गाळ अडथळा म्हणून भेदला, त्याच्याकडे गाळवाले वळले ते बऱ्याच उशिरा. २००८ मध्ये सरोवराच्या तळातून सुमारे दहा मीटर लांबीची गाळाची कांडी अखंड काढण्यात आली. सुषमा प्रसाद, अनूप अंबिली आणि त्यांच्या जर्मन-भारतीय सहकाऱ्यांनी पुढची काही वर्षं ती थराथराने वाचली. लोणार या कामाला सोयीचं का, ते ला टूश-क्रिस्टी यांच्या हिशेबातच आहे. पाणी येतं पावसाने आणि झऱ्यांनी, जातं फक्त उन्हाने. नदी नाही, सांडवा नाही. पाऊस चांगला झाला की पाणी वाढतं आणि पातळ होतं, पाऊस हटला की आटतं आणि दाट होतं. मध्य भारताच्या मान्सूनची वही दुसरीकडे इतक्या नेटक्या हातात सापडणं कठीण.

दहा मीटरांत सुमारे अकरा हजार वर्षं आली. तळाकडे कोरड्या हवामानातून पावसाळी काळात शिरल्याच्या खुणा होत्या. वर येता येता एका विशिष्ट जागी गाळात पांढरट स्फटिक दिसू लागले. ते गेलुसाइट, सोडियम आणि कॅल्शियमचं पाणीदार कार्बोनेट. पाणी आटून अतिशय दाट झालं की ते तळाशी जमतं. हे स्फटिक दोन पट्ट्यांत मिळाले: आजपासून सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीच्या आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीच्या. पहिला पट्टा सिंधू खोऱ्यातली शहरं ओस पडू लागली त्या काळाशी जुळतो, आणि त्यावर जगभर भरपूर लिहिलं जातं.

मला दुसरा पट्टा जास्त खुणावतो. तो आपला आहे. त्या चौदाशे वर्षांत लोणारपासून फार लांब नसलेल्या वाशिमला, तेव्हाच्या वत्सगुल्माला, वाकाटकांची राजधानी होती. अजिंठ्याची बहुतेक चित्रं त्याच काळातली. चालुक्य येऊन गेले, यादव आले, आणि लोणारची देवळं उभी राहिली, काठावरची आणि खाली पाण्याजवळचीही. गाळ म्हणतो की तेव्हा सरोवर पुष्कळदा आक्रसलेलं होतं. याचा अर्थ चौदाशे वर्षं सलग दुष्काळ होता, असा नाही. कमी पावसाच्या वर्षांची संख्या वाढली, पाणी वारंवार खाली गेलं, एवढंच स्फटिक सांगतात. पट्ट्याचा शेवट चौदाव्या शतकाच्या मध्याला येतो आणि शतक संपता संपता दुर्गादेवीचा बारा वर्षांचा दुष्काळ पडला. दोघांची गाठ मारायचा मोह होतो. पण गाळाच्या कालगणनेत पन्नास-शंभर वर्षं इकडेतिकडे सहज होतात. तिच्याकडून दुष्काळाचं साल मागू नये. कोरड्या काळात पाणी टिकवणाऱ्या आडांची, बारवांची आणि तळ्यांची बांधणी या मुलखात कशी वाढली, हे शिलालेखांच्या शेजारी गाळ ठेवून पाहता येईल, आणि ते काम इतिहासाच्या माणसांचं आहे.

जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, सरोवर गुलाबी झालं. फोटो जगभर फिरले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली, नमुने प्रयोगशाळांकडे गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितलं की हा रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा. उन्हाने पाणी आटलं, क्षार वाढले, त्यांचं फावलं. पुण्याला आणलेल्या बाटल्यांत काही दिवसांनी रंग तळाशी बसला आणि वरचं पाणी नितळ झालं. सरोवरातही पावसाने तेच केलं. त्याच वर्षी लोणार पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं.

तळाशी गाळ वर्षाला साधारण मिलिमीटरभर साचतो. दहा मीटर वाचून झाले आहेत. १९७२ चा बोअर ज्या शंभरातून दगडाच्या ओढीने सरळ खाली गेला होता, त्यातले हे वरचे दहा. तो गुलाबी उन्हाळा आता त्यांच्याही वर, काही मिलिमीटर चिखलाखाली, हिरव्या पाण्यात बसलेला आहे.